चिनी पदार्थांचीं नांवें व त्यांतील जिन्नस

साकोली, लाखनी, पवनी, तुमसर यांपैकीं कोणत्याहि गांवीं दिवेलागणीच्या सुमारास बसस्थानकाजवळून गेलें असतां 'चायनीज' अशीं अक्षरें मिरविणारी एक तरी लाल गाडी दृष्टीस पडतेच. तिच्यावर मोठी लोखंडी कढई, खालीं फुसफुसणारी शेगडी आणि पुढें पदार्थांचा फलक. त्या फलकावरील नांवें तुम्हांस तोंडपाठ आहेत हें मी जाणतों. इतिहासांतील सनावळी तितकी पाठ असती तर परीक्षकांना केवढा आनंद झाला असता! परंतु मंचूरियन म्हणजे काय, हक्का कोण, शेजवान कोठें आहे, असें विचारलें कीं वर्गांत शांतता पसरते. पालकांचीहि गोष्ट फारशी निराळी नाहीं. कांहीं पालक "त्यांत काय घालतात देव जाणे" एवढें म्हणून मुलांना त्या वाटेस जाऊं देत नाहींत. कांहीं पैसे हातावर ठेवून मोकळे होतात. ताटांत काय आलें हें दोघांनाहि ठाऊक नसतें. जें आपण खातों त्याचें नांव, कूळ आणि घटक समजून घेणें हा विद्येचाच भाग आहे, म्हणून या लेखांत त्याची थोडी चर्चा करण्याचें योजिलें आहे.

आरंभींच एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. चीन देशाचा आणि आपल्या स्वयंपाकघराचा संबंध या गाडीपासून सुरू झालेला नाहीं. लोणच्याची बरणी चिनी मातीची. मसाल्यांतील दालचिनी हा शब्द मूळचा फारसी, आणि त्याचा अर्थ 'चीनचें लांकूड'. सकाळीं उठल्याबरोबर आपण ज्याची वाट पाहतों तो चहा नांवासकट चीनमधून आलेला आहे. तेथें त्यास 'छा' म्हणतात. आग्नेय किनाऱ्यावरील फूच्येन प्रांतांत त्याच अक्षराचा उच्चार 'ते' असा होतो, व त्यावरून इंग्रजांचा 'टी' झाला. लिची हें फळहि असेंच नांवासकट तिकडचें. सातव्या शतकांत ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरू हिंदुस्थानांत फिरत असतां पंजाबांतील चीनभुक्ति नांवाच्या प्रदेशाचें वर्णन करितो. तो म्हणतो कीं, पीच व नासपाती हीं फळें या देशांत पूर्वीं नव्हतीं. कनिष्क राजाकडे ओलीस राहिलेल्या चिनी लोकांनीं तीं लाविलीं, म्हणून येथील लोक पीचला 'चीनानी' व नासपातीला 'चीनराजपुत्र' म्हणत. हाच यात्रेकरू पुढें दुसऱ्या पुलकेशीच्या काळीं महाराष्ट्रांतहि येऊन गेला. तेव्हां परकें म्हणून ज्यास आपण बाजूस सारतों त्यांतील किती तरी गोष्टी आपल्या फडताळांत फार दिवसांपासून बसलेल्या आहेत.

आतां फलकाकडे वळूं. पहिला मान मंचूरियनचा, कारण गाडीवर त्याचाच खप अधिक. मंचूरिया हा चीनच्या ईशान्येकडील थंड प्रदेश होय. तेथें जाऊन कोणीं हा पदार्थ मागितला तर तेथील आचारी गोंधळून जाईल, कारण याचा जन्म मुंबईंतला. कलकत्त्यास जन्मलेले चिनी वंशाचे नेल्सन वांग हे १९७५ सालीं मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरांत काम करीत असतां गिऱ्हाइकानें कांहीं तरी नवें करून मागितलें. त्यांनीं आलें, लसूण व हिरवी मिरची हें आपल्या नित्याच्या फोडणीचें साहित्य घेतलें, गरम मसाल्याऐवजीं सोया सॉस घातला, कोंबडीचे तळलेले तुकडे त्यांत सोडले आणि मक्याच्या सत्त्वानें रस दाट केला. पुढें कोंबडीच्या जागीं फ्लॉवर व कोबी आले, आणि नांव मात्र तेंच राहिलें. विदर्भांतील मुलांना या पदार्थाची घडण समजण्यास मुळींच अडचण पडूं नये. डाळ वाटून तिचे गोळे कढींत सोडण्याची रीत आपल्या घरोघरीं आहे. येथें गोळे कोबीचे, ते तळलेले, आणि कढीच्या जागीं सोया सॉसचा रस, इतकाच काय तो भेद.

त्या रसाला जी चकाकी व दाटपणा येतो त्याचें कारण विज्ञानाच्या तासास उपयोगी पडण्याजोगें आहे. दुकानांत 'कॉर्न फ्लोअर' म्हणून जी शुभ्र पूड मिळते तें मक्याचें साधें पीठ नव्हे, मक्यांतून वेगळें काढलेलें निव्वळ पिष्टसत्त्व होय. पाण्यांत कालवून तें उकळत्या रसांत ओतलें म्हणजे त्याचे सूक्ष्म कण पाणी शोषून फुगतात, फुटतात आणि रस आळतो. आंबील किंवा तवकिलाची खीर आळते ती याच नियमानें. पूड कोरडीच उकळत्या पाण्यांत टाकली तर गुठळ्या होतात, हें ज्या मुलींनीं घरीं आंबील ढवळली आहे त्यांना सांगावयास नको.

'चाऊ मीन' या नांवांत 'चाऊ' म्हणजे परतलेलें आणि 'मीन' म्हणजे पिठाच्या शेवया. म्हणून 'चाऊमीन नूडल्स' असें म्हणणें हें 'लिंबाचें लिंबूसरबत' म्हणण्यासारखें आहे. 'चॉप सुई'चा अर्थ कँटन प्रांताच्या बोलींत 'निरनिराळे बारीक तुकडे'. आपल्या मिसळीचें नांव ज्या बुद्धीनें पडलें त्याच बुद्धीनें हें पडलें. आपल्याकडे 'अमेरिकन चॉप सुई' म्हणून ज्या कुरकुरीत तळलेल्या शेवयांवर गोड तांबडा रस ओतलेला असतो, त्यांत चिनी अंश थोडा, अमेरिकेचा त्याहून कांहींसा अधिक आणि आपला सर्वांत जास्त. चायनीज भेळ तर सर्वस्वीं महाराष्ट्राची. ती अस्सल नाहीं म्हणून नाक मुरडणारे लोक मला पटत नाहींत. पुरणपोळींत घालावयाचा हरभरा कोठून आला हें विचारून कोणी पुरणपोळी खात नाहीं. प्रश्न अस्सलपणाचा नसून ओळखीचा आहे.

या शेवयांविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे. आपल्या शेवया वाळवून ठेवतात व बहुतेक दुधांत शिजवितात. चिनी शेवयांच्या कणकेंत पुष्कळ ठिकाणीं क्षाराचें पाणी घालतात. त्यामुळें त्यांस पिंवळसर रंग आणि रबरासारखा ताण येतो. पापडाच्या पिठांत पापडखार घालतांना आजी जें साधते तेंच हें. कांहीं जातींत अंडें घातलेलें असतें, आणि शिजल्यावर तें डोळ्यांनीं ओळखूं येत नाहीं. अंडें न खाणाऱ्या घरांनीं पाकिटावरील घटकांची यादी वाचावी, एवढाच त्याला उपाय आहे. शेवयांची पुरातनता मात्र थक्क करणारी आहे. वायव्य चीनमधील लाज्या या स्थळीं उत्खननांत पालथ्या पडलेल्या एका वाडग्याखालीं सुमारें ४,००० वर्षांपूर्वींच्या शेवया सांपडल्याचें २००५ सालीं प्रसिद्ध झालें. त्या गव्हाच्या नसून राळ्यासारख्या भरड धान्याच्या होत्या, असें संशोधकांनीं लिहिलें.

'हक्का' हें पदार्थाचें किंवा मसाल्याचें नांव नव्हे, तें माणसांचें नांव आहे. दक्षिण चीनमध्यें उत्तरेकडून येऊन वसलेल्या एका समाजास हक्का म्हणतात. शब्दाचा अर्थ 'पाहुणीं घराणीं' असा होतो. या समाजांतील पुष्कळ कुटुंबें समुद्रमार्गानें कलकत्त्यास आलीं आणि टांगरा भागांत त्यांनीं कातडें कमाविण्याचे कारखाने चालविले. ज्या धंद्याला आपल्या उच्चवर्णीयांनीं हात लावला नसता तो त्यांनीं केला, आणि घरांतील स्त्रियांच्या हातच्या शेवया शेजाऱ्यांना विकतां विकतां टांगऱ्यास भोजनगृहें उभीं राहिलीं. मुंबईंतहि चिनी लोकांची लहानशी वस्ती होती. माझगांवास १९१९ सालचें त्यांचें मंदिर अद्यापि आहे. त्यांचे लोक दांतांचे वैद्य, चर्मकार, सुतार, खलाशी आणि आचारी म्हणून या देशांत राबले.

१९६२ सालीं चीनशीं युद्ध झालें तेव्हां या लोकांची काय गत झाली हें तुमच्या पाठ्यपुस्तकांत नसेल. आसाम, बंगाल वगैरे भागांतील सुमारें ३,००० चिनी वंशाच्या माणसांना, त्यांत म्हाताऱ्या स्त्रिया व शाळकरी मुलेंहि होतीं, राजस्थानांतील देवळी येथील छावणींत नेऊन ठेवण्यांत आलें. त्यांतील कित्येकांनीं चीन कधीं पाहिलाहि नव्हता. कांहींजण वर्षानुवर्षें तेथें राहिले. सुटून आल्यावर कोणाचें घर गेलें होतें, कोणाचें दुकान. अनेक कुटुंबें पुढें कॅनडा वगैरे देशांत निघून गेलीं. आपल्या ताटांत 'हक्का' हा शब्द उरला आणि तो शब्द आणणारी माणसें विरळ होत गेलीं. फलकावरचें तें नांव वाचतांना इतकें तरी आठवावें.

'शेजवान' म्हणजे सेचुआन, नैर्ऋत्य चीनमधील डोंगरांनीं वेढलेला प्रांत. तेथील तिखटपणाची कीर्ति मोठी आहे. परंतु ज्या मिरचीवर ती उभी आहे ती मिरची अमेरिका खंडांतली. आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकांत आली व चीनमध्यें त्याच सुमारापासून पुढें पसरली. त्यापूर्वीं सेचुआनी स्वयंपाकाची खूण होती ती एका लहान तांबूस फळाच्या सालीची. तिला इंग्रजींत सेचुआन पेपर म्हणतात, मात्र मिऱ्यांशीं तिचें कांहीं नातें नाहीं. तिचें नातें आहे आपल्या कोंकणांतील तिरफळांशीं. दोन्हीं झाडें एकाच कुळांतलीं. कोंकणांत व गोव्यांत बांगड्याच्या आमटींत तिरफळें ठेचून घालतात. तीं जिभेस लागलीं कीं जीभ किंचित बधिर होऊन मुंग्या आल्यासारख्या वाटतात. सेचुआनी जेवणाचा विशेष हाच, तिखट व बधिरपणा यांची जोड. आपल्या गाडीवरील शेजवान चटणींत हें फळ बहुधा नसतेंच. तिच्यांत सुक्या लाल मिरच्या, लसूण, आलें, तेल, शिरका आणि साखर असते. भिवापुरी मिरची व लसणाचा ठेचा ज्यानें खाल्ला आहे त्याला तींत अनोळखी असें फारच थोडें सांपडेल. त्याचप्रमाणें चिनी 'पंचमसाला' म्हणून जी पूड मिळते तींत चक्रीफूल, दालचिनीच्या जातीची साल, लवंग, बडीशेप आणि वर सांगितलेलें सेचुआनी फळ असतें. पांचांपैकीं चार जिन्नस आपल्या डब्यांत आहेत.

मोठ्या शहरांतील चिनी भोजनगृहांत गेल्यावर जे घटक विचित्र वाटतात, त्यांच्या बाबतींत भंडाऱ्याचीं मुलें मुंबईच्या मुलांहून अधिक जाणतीं निघावीं अशी माझी समजूत आहे. आपला जिल्हा तळ्यांचा व बांबूच्या वनांचा. सूपांत किंवा भाजींत पांढऱ्या, गोल, कराकरा वाजणाऱ्या चकत्या येतात आणि यादींत त्यांचें नांव 'वॉटर चेस्टनट' असें असतें. शब्दकोशांत पाहाल तर अर्थ 'शिंगाडा' असा मिळेल. हा घोटाळा नीट समजून घ्यावा. आपल्या मालगुजारी तलावांत ढिवर बांधव जो शिंगाडा लावितात तो पाण्यावर तरंगणाऱ्या वेलीचें शिंगें असलेलें फळ होय. चिनी भोजनगृहांतील चकत्या मात्र लव्हाळ्याच्या जातीच्या एका पाणवनस्पतीच्या कंदाच्या असतात. तो कंद चिखलांत वाढतो, आणि शिजविल्यावरहि मऊ पडत नाहीं, हा त्याचा गुण. इंग्रजांनीं दोघांना एकच नांव दिलें म्हणून आपण फसावें असें नाहीं. चीनमध्यें दोन शिंगांचा शिंगाडाहि खातात. उपासाला शिंगाड्याचा शिरा खाणाऱ्या आपल्या मावशींना ही वार्ता अवश्य सांगा.

भोंकाभोंकांच्या चकत्या दिसल्या तर ती कमळकाकडी. कमळाचा जो भाग चिखलांत आडवा वाढतो तो. पांढरट, किंचित आंबूस वासाचे लांबट काप म्हणजे बांबूचे कोंब, ज्यांस आपण वास्ते म्हणतों. वास्त्यांविषयीं आपल्या ग्रामीण स्त्रियांचें ज्ञान रसायनशास्त्रज्ञांच्या तोडीचें आहे. कच्च्या कोंबांत असें एक द्रव्य असतें कीं ज्यापासून पोटांत गेल्यावर सायनाइड हें विष सुटतें. म्हणून ते बारीक चिरून, पाण्यांत ठेवून, उकळून तें पाणी फेकून देण्याची चाल आहे. डब्यांत मिळणारे कोंब अगोदरच उकळलेले असतात. काळी, कानाच्या पाळीसारखी दिसणारी वस्तु ही लांकडावर उगवणारी अळंबी. पहिल्या पावसानंतर रानांतून सात्या आणून खाणाऱ्यानें तिला भिऊं नये. फक्त एवढें लक्षांत ठेवावें कीं रानांतील प्रत्येक छत्री खाण्याजोगी नसते आणि ओळखण्याचें काम जाणत्याकडेच सोंपवावें. कोवळीं मक्याचीं कणसें व पातीचा कांदा यांविषयीं लिहिण्याची गरजच नाहीं.

आतां काळा रस, म्हणजे सोया सॉस. सोयाबीन आज विदर्भांतील शेतकऱ्याच्या सुखदुःखाचा विषय आहे, पण त्याचा हा उपयोग थोड्यांनाच माहीत असतो. शिजलेलें सोयाबीन व भाजलेला गहू एकत्र करून त्यावर एक विशिष्ट बुरशी वाढवितात, मग तें मिश्रण मिठाच्या पाण्यांत महिनेच्या महिने मुरवत ठेवतात. बुरशीच्या व जिवाणूंच्या क्रियेनें प्रथिनांचे तुकडे होतात आणि चव व रंग तयार होतो. स्वस्त बाटल्यांत हा वेळ वांचविण्यासाठीं सोयाबीनच्या प्रथिनांवर आम्लाची क्रिया करून, त्यांत मीठ व जळकी साखर मिसळून काम भागविलेलें असतें. बाटलीवरील यादी वाचली म्हणजे भेद कळतो. ज्यांना गहू चालत नाहीं त्यांना सोया सॉस बहुधा चालत नाहीं, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. त्याहून मोठी गोष्ट मिठाची. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसांत सुमारें ९०० मिलिग्रॅम सोडियम असतें. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसाला सबंध दिवसासाठीं २,००० मिलिग्रॅमच्या आंत राहावयास सांगितलें आहे. ज्या घरांत रक्तदाबाचें दुखणें आहे त्या घरानें हा हिशेब स्वतः मांडून पाहावा.

त्याच सोयाबीनपासून टोफू होतो. दाणे भिजवून, वाटून, उकळून गाळले कीं दुधासारखा रस निघतो. त्यांत जिप्सम किंवा समुद्रमिठांतून निघणारें मॅग्नेशियमचें लवण घातलें म्हणजे तो फाटतो, आणि चोथा दाबून त्याच्या वड्या पाडतात. पनीर करण्याची कृति जिला येते तिला ही कृति येतेच. चिनी जेवणांत दूधदुभतें जवळजवळ नसतें, त्यामुळें पनीरचें स्थान तेथें टोफूनें घेतलें आहे. इकडे गाडीवर मात्र उलट झालें: टोफूची जागा पनीरनें घेतली आणि 'पनीर चिली' अवतरली.

पालक मंडळींच्या मनांतील सर्वांत मोठा बागुलबुवा 'अजिनोमोटो' हा होय. हें पदार्थाचें नांव नसून एका जपानी व्यापारी कंपनीच्या मालाचें नांव आहे, आणि त्याचा अर्थ 'चवीचें सार' असा आहे. टोकियोच्या विद्यापीठांतील रसायनाचे प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनीं १९०८ सालीं एका समुद्रवनस्पतीच्या काढ्यांतून ग्लुटामिक आम्ल वेगळें केलें. गोड, आंबट, खारट, कडू यांहून निराळी जी एक भरीव चव असते ती यामुळें येते, असें त्यांनीं दाखविलें व तिला 'उमामी' हें नांव दिलें. त्या आम्लाचें सोडियमयुक्त लवण म्हणजेच ही पांढरी पूड. ती हल्लीं उसाची मळी किंवा पिष्ट आंबवून करितात. पिकलेल्या टोमॅटोंत आणि आईच्या दुधांतहि ग्लुटामिक आम्ल असतें. मग ही बदनामी कशी झाली? १९६८ सालीं अमेरिकेंतील एका वैद्यकीय नियतकालिकांत एका डॉक्टरांचें पत्र आलें. चिनी भोजनगृहांत जेवल्यावर मानेशीं बधिरता व धडधड जाणवते, असें त्यांनीं लिहून दोन-चार कारणांचा तर्क केला होता. त्यांपैकीं एकच तर्क लोकांनीं उचलला. पुढें कोणास पूड दिली व कोणास नाहीं हें उभयपक्षीं गुप्त ठेवून परीक्षा घेण्यांत आल्या, तेव्हां नेहमीच्या प्रमाणांत असा त्रास सिद्ध झाला नाहीं. अन्नाशिवाय एकदम तीन ग्रॅम किंवा अधिक दिली असतां कांहींजणांस थोडा वेळ त्रास होतो, इतकें आढळलें. म्हणून ती मूठमूठ घालावी असा याचा अर्थ नाहीं. शिळ्या व निकृष्ट जिनसांची बेचव झांकण्यास ती सोयीची पडते, हा तिच्यावरील खरा आक्षेप आहे.

ज्याची भीति बाळगावी त्याची मात्र कोणी बाळगीत नाहीं. पहिली भीति भडक तांबड्या रंगाची. कर्नाटक सरकारनें २०२४ सालीं फ्लॉवर मंचूरियनचे १७१ नमुने तपासविले, त्यांतील १०७ असुरक्षित ठरले, आणि मार्च महिन्यांत कृत्रिम रंग घालण्यास बंदी करण्यांत आली. रोडामिन-बी हा जो रंग अशा तपासणींत चर्चेंत आला तो कापड व कागद रंगविण्याचा. अन्नांत त्याला मुळींच परवानगी नाहीं. त्याच वर्षाच्या आरंभीं गोव्यांत म्हापसा येथील जत्रेंत या पदार्थाच्या विक्रीस नगरपालिकेनें मनाई केल्याची वार्ता सर्वत्र गाजली. मिरचीनें रस तांबूस होतो, परंतु बोटांना व कागदाला दुसऱ्या दिवसापर्यंत चिकटून राहणारा गुलाबी तांबडा रंग मिरचीचा नव्हे.

दुसरी भीति भाताची. परतलेल्या भातासाठीं आचारी सकाळचा गार भात घेतो, कारण गार झाल्यावर दाणा कडक होऊन सुटा राहतो. आपल्या घरच्या फोडणीच्या भाताचें रहस्यहि तेंच. परंतु शिजलेला भात उष्ण हवेंत तासन् तास उघडा राहिला तर त्यांत बॅसिलस सेरियस नांवाचे जिवाणू वाढतात व वांती आणणारें विष तयार करितात. हें विष पुन्हा परतल्यानें नष्ट होत नाहीं. इंग्लंडमध्यें १९७१ पासून चिनी भोजनगृहांतील परतलेल्या भातामुळें झालेल्या अशा आजारांची नोंद झाली, आणि तेव्हांपासून हा विषय वैद्यकाच्या पुस्तकांत शिरला. भात लवकर गार करून थंड पेटींत ठेवावा, हा त्यावरचा तोडगा आहे. आपण तांदळाच्या मुलखांत राहतों. मे महिन्यांतील भंडाऱ्याची दुपार कशी असते हें आपणांस कोणीं सांगावयास नको.

आतां सदसद्विवेकबुद्धीचा प्रश्न. आपल्या एका बाकावर हिंदु, बौद्ध, मुसलमान, जैन व ख्रिस्ती मुलें शेजारीं शेजारीं बसतात, आणि वाढदिवसाच्या निमित्तानें एकत्र जेवावयास जातात. करिंथ येथील पहिल्या मंडळीलाहि बाजारांत विकत मिळणाऱ्या मांसाविषयीं असाच प्रश्न पडला होता, आणि पौलानें आपल्या पत्रांत खाणाराच्या मोकळिकीबरोबर शेजाऱ्याच्या मनाचाहि विचार करावयास सांगितलें. चिनी स्वयंपाकांत कांहीं गोष्टी दृष्टीआड असतात. 'ऑइस्टर सॉस' हा कालवांच्या अर्काचा केलेला असतो, आणि तो भाजीच्या ताटलींतहि येऊं शकतो. माशांच्या किंवा कोळंबीच्या खारविलेल्या अर्काचे थेंब चवीपुरते घालण्याची चाल आग्नेय आशियाकडून आली आहे. सुकटीची चटणी ज्याला ठाऊक आहे त्याला तो वास ओळखतां येईल. 'शाकाहारी' म्हणून दिलेल्या सूपाचें पाणी कोंबडीचीं हाडें उकळून काढलेलें असूं शकतें. कढई एकच असते. डुकराचें मांस चीनमध्यें नित्याचें असल्यामुळें मोठ्या भोजनगृहांत त्याची चरबीहि वापरांत असूं शकते. कोणाला शेंगदाण्यानें किंवा कोळंबीनें घसा सुजण्याचा विकार असेल तर ही गोष्ट सोवळ्याची न राहतां जिवाची होते.

म्हणून मागविण्यापूर्वीं वाढप्याला विचारावें, आणि नेमकें विचारावें. "भाजी आहे ना?" असें विचारलें कीं तो "हो" म्हणणारच. त्याऐवजीं सूपाचें पाणी कशाचें आहे, शेवयांत अंडें आहे काय, काळ्या रसाखेरीज दुसरा कोणता रस घातला आहे, तळण्याचें तेल व कढई वेगळी आहे काय, असें एकेक विचारावें. त्याला सांगतां आलें नाहीं तर आचाऱ्याला विचारून येण्याची विनंति करावी. यांत संकोच कसला? आपल्या घरीं पाहुणा आला तर तो काय खातो हें आपण विचारतोंच. मात्र मित्रानें ताटली दूर सारली तर त्याची थट्टा करूं नये, आणि ज्यानें आवडीनें खाल्ली त्याच्याकडेहि तिरस्कारानें पाहूं नये.

शेवटीं मोमोविषयीं. नागपुरास किंवा हल्लीं भंडाऱ्यासहि उकडीच्या मोदकासारखे दिसणारे, आंत भाजी किंवा खिमा भरलेले हे पदार्थ मिळतात, आणि तेहि 'चायनीज' म्हणूनच विकले जातात. मोमो हा तिबेट व नेपाळ या बाजूचा. तिबेटी लोक कोठें दूर हिमालयांतच राहतात असें समजूं नका. १९५९ नंतर आपला देश सोडून आलेल्या तिबेटी निर्वासितांपैकीं कांहींजणांची नोर्ग्येलिंग ही वसाहत १९७२ सालीं आपल्याच जिल्ह्यांत, अर्जुनी मोरगांव तालुक्यांत प्रतापगडानजीक स्थापन झाली. १९९९ च्या मे महिन्यांत गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानें ती आतां त्या जिल्ह्यांत मोडते, तरी तिबेटी लोक तिला अजून भंडाऱ्याचीच वसाहत म्हणतात. ज्या राजसत्तेमुळें त्यांना घर सोडावें लागलें तिच्याच नांवानें रस्त्यांतील पोरांनीं त्यांना हांक मारावी, हें त्यांस कसें लागत असेल! ईशान्य भारतांतून नागपुरास शिकावयास आलेल्या विद्यार्थ्यांच्या वांट्यासहि तेंच येतें. २०२० सालच्या साथींत तर त्यांना देशांत ठिकठिकाणीं फार वाईट शब्द ऐकावे लागले.

नोर्ग्येलिंगकडील लोकांच्या जेवणांत थुक्पा म्हणून शेवयांचा पातळ रस्सा असतो, तिंग्मो म्हणून वाफेवर शिजविलेला फुगीर पाव असतो, आणि त्साम्पा असतो. त्साम्पा म्हणजे भाजलेल्या जवाचें पीठ, आपल्या सातूच्या पिठाचा सख्खा भाऊ. तें चहांत कालवून, हातानें मळून, त्याचे गोळे करून खातात. तो चहा मात्र गोड नसतो; त्यांत मीठ व लोणी घालून तो घुसळलेला असतो. त्यांच्या भाषेंत चहाला 'जा' म्हणतात, आणि हा शब्दहि त्याच चिनी 'छा'पासून आलेला आहे.